कणसाचा भाव

डिसेंबर-जानेवारीत तापीकाठच्या काळ्या रानात दादर ज्वारी हुरड्यावर येते आणि भोरड्यांचे थवे तिच्यावर उतरू लागतात. अमळनेर, चोपडा, शिंदखेडा, शिरपूर या पट्ट्यात ज्याची दादर आहे त्याला या पाहुण्यांची ओळख करून द्यावी लागत नाही. काळं डोकं, फिकट गुलाबी अंग. मध्य आशियातल्या गवताळ रानात पिल्लं वाढवायची, पावसाळा सरता सरता आपल्याकडे यायचं आणि उन्हाळा तापला की परत फिरायचं, असा त्यांचा वर्षाचा क्रम. थवा वावरात बसतो, माळ्यावरून गोफण फिरते, दगड सुटतो, थवा उठतो, हवेत एक वळण घेतो आणि पुष्कळदा त्याच वावराच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसतो. कधी मात्र उठलेला थवा मागे वळून न बघता पलीकडच्या शिवारात निघून जातो. दगड तोच, गोफण तीच. मग एकदा राहायचं आणि एकदा जायचं, हे पक्ष्याने कशावरून ठरवलं?

हावरट असतात म्हणून येतात, हे राखणदाराचं उत्तर. ते खोटं नाही, पण त्याने येणं समजतं, जाणं समजत नाही. जाणं समजून घ्यायचं तर त्या कणसासाठी पक्ष्याला काय मोजावं लागतं तेही बघायला हवं. उडायला बसून राहण्यापेक्षा कितीतरी पट ऊर्जा लागते. दाणा बोंडातून सोडवायला वेळ जातो. मान खाली घालून टिपत बसलं की ससाण्याकडे लक्ष राहत नाही. शिवाय या वावरात गेलेलं मिनिट दुसऱ्या वावरात वापरता येत नाही, हाही खर्चच.

१९६६ साली रॉबर्ट मॅकआर्थर आणि एरिक पिअँका यांनी, आणि त्याच वर्षी जॉन एमलेन यांनी वेगळ्या वाटेने, खाणं शोधणाऱ्या प्राण्याचा हा जमाखर्च गणितात मांडला. दहा वर्षांनी एरिक शार्नोव्ह यांनी त्यातला एक नेमका प्रश्न सोडवला: एका जागी चरणाऱ्या प्राण्याने तिथून कधी उठावं? त्यांचं उत्तर असं की जागा रिकामी होईपर्यंत थांबण्यात तोटा आहे. इथे मिनिटाला जे मिळतं ते आजूबाजूच्या मुलखात, जाण्यायेण्याचा वेळ धरून, सरासरी जे मिळतं त्याच्या खाली घसरलं की उठावं. आता गोफणीकडे बघा. दगडाने वावरातला एकही दाणा कमी होत नाही. पण दर दोन मिनिटांनी उठावं लागलं तर इथली मिनिटाची मिळकत पडते. शेजारचं वावर जवळ असेल आणि तिथे राखण नसेल तर थवा जातो. चहूकडे गोफणी फिरत असतील तर उठून पुन्हा इथेच बसणं परवडतं. म्हणजे आपल्या दगडाचा परिणाम शेजाऱ्याच्या माळ्यावर कोणी बसलंय की नाही यावरही ठरतो. सगळ्या शिवाराने मिळून राखण ठेवायची रीत आळसावलेल्या गावांत मोडत चालली आहे, आणि एकट्याने राखणाऱ्याला दुप्पट घसा ताणावा लागतो तो यामुळेच, असं मला वाटतं.

गणितात हे बरोबर दिसतं, पण प्राणी खरंच असं वागतात का? कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरचे कावळे समुद्रातल्या मोठ्या शंखगोगलगाई चोचीत धरून वर नेतात आणि खडकावर टाकून फोडतात. रेटो झाख यांनी १९७०च्या दशकात त्यांचा पाठपुरावा केला. खूप उंचावरून टाकलं तर शंख कमी फेऱ्यांत फुटतो, पण दर फेरीला चढाई जास्त. कमी उंचीवरून टाकलं तर चढाई थोडी, पण फेऱ्या फार. झाख यांनी स्वतः वेगवेगळ्या उंचीवरून शंख टाकून बघितले. एकूण चढाई सगळ्यात कमी भरते ती पाच मीटरच्या आसपास, आणि कावळे शंख टाकत होते तेही जवळपास तेवढ्याच उंचीवरून. लहान शंखांना ते हात लावत नव्हते. ते फुटायलाही कठीण आणि आत मांसही कमी.

भोरडीच्या जवळच्या नात्यातला युरोपीय स्टार्लिंग तर या विषयातला पट्टीचा विद्यार्थी ठरला. ॲलेक्स कासेल्निक यांनी ऑक्सफर्डजवळ पिल्लं असलेल्या स्टार्लिंगना एका ट्रेमधून अळ्या उचलायला शिकवलं. अळ्या नळीतून एकेक करून पडायच्या, आणि दर पुढची अळी आधीपेक्षा जास्त वेळाने. ट्रे घरट्याजवळ असला तर पक्षी दोनचार अळ्या घेऊन निघायचा. ट्रे लांब नेला तर जास्त वेळ थांबून चोच जास्त भरायचा. लांबच्या खेपेत अर्धी चोच परवडत नाही. १९८४ साली छापलेल्या या निरीक्षणांत पक्ष्यांचे आकडे गणिताच्या बरेच जवळ होते.

यासाठी मोठा मेंदू लागतो असंही नाही. मधमाशीच्या डोक्यात दहा लाखांहून कमी चेतापेशी असतात. तरी फुलं विरळ असली की ती मधाची पिशवी पुरती न भरताच पोळ्याकडे वळते, कारण भरलेलं ओझं घेऊन फुलाफुलावर हिंडण्यात मिळवलेल्यातलंच खर्ची पडतं.

इथवर वागणं झालं. डोक्याच्या आत हा जमाखर्च कुठे होतो, हे बघायला प्रयोगशाळेतल्या उंदरांकडे जावं लागेल. भोरडीच्या मेंदूत तारा घालून कोणी बसलेलं नाही. पण पक्ष्यांच्या मेंदूतही स्ट्रायटम नावाचा भाग आहे आणि तिथे डोपामिन हे रसायन पोचवणाऱ्या पेशी आहेत, उंदराच्या आणि आपल्या मेंदूत आहेत तशाच.

अमेरिकेतल्या कनेक्टिकट विद्यापीठातले जॉन सॅलमोन यांनी १९९०च्या दशकात लावलेली मांडणी अगदी साधी आहे. इंग्रजी टी अक्षराच्या आकाराची बोळ. थोडा उपाशी ठेवलेला उंदीर मधल्या वाटेने येतो आणि डावीकडे की उजवीकडे ते ठरवतो. एका बाजूला खाण्याच्या जास्त गोळ्या, पण वाटेत ४४ सेंटिमीटर उंच जाळीची भिंत, चढून जावी लागणारी. दुसऱ्या बाजूला गोळ्या कमी, पण वाट मोकळी. कापूस उत्पादकाला हा पेच ओळखीचा वाटेल: दारात आलेल्या खेडा खरेदीवाल्याला कमी भावात देऊन मोकळं व्हायचं, की गाडी भरून जिनिंगला न्यायचा? धडधाकट उंदीर बहुतेक वेळा भिंत चढतो.

मग संशोधकांनी उंदरांच्या मेंदूतल्या न्यूक्लिअस अकम्बन्स या भागातलं डोपामिन औषधाने खूप कमी केलं. हा स्ट्रायटमचाच खालचा, पुढचा भाग. हेच उंदीर आता मोकळ्या वाटेकडे वळू लागले. कोणालाही वाटेल की त्यांच्या अंगात त्राण उरलं नसेल, किंवा खाण्यात गोडी उरली नसेल. म्हणून मोकळ्या वाटेवरच्या गोळ्या काढून टाकल्या. आता खाणं फक्त भिंतीपलीकडे. उंदीर भिंत चढले आणि त्यांनी गोळ्या खाल्ल्या. पायात ताकद होती, भूक होती, जास्त खाणं कुठे आहे हेही ठाऊक होतं. गेली होती ती फक्त एक गोष्ट: स्वस्तातलं थोडं समोर असताना जास्तीसाठी कष्ट उपसण्याची तयारी.

या प्रयोगाशी मी मुद्दाम रेंगाळतो आहे, कारण डोपामिन म्हणजे सुखाचं रसायन हे वाक्य आता व्हॉट्सॲपवरच्या सुविचारांतही शिरलं आहे. केंट बेरिज यांनी डोपामिन जवळपास नाहीसं झालेल्या उंदरांच्या जिभेवर गोड पाणी सोडून बघितलं. जीभ फिरवणं, ओठ चाटणं, चव आवडल्याच्या सगळ्या खुणा जागच्या जागी. आवडणं वेगळं आणि त्यासाठी उठणं वेगळं, आणि डोपामिनचा जास्त संबंध उठण्याशी आहे. पार्किन्सनच्या आजारात डोपामिन तयार करणाऱ्या पेशी मरत जातात. अशा माणसाला घरचे कधी कधी म्हणतात, "यांना आता कशाचीच हौस राहिली नाही." ताटातलं आवडीचं भरीत पुढ्यात आलं तर ते चवीने खातात, पण त्यासाठी खुर्चीतून उठणं जड जातं. हातपाय मंदावणं हा या आजाराचा एक भाग, पण हौस आटणं हा काही रुग्णांत वेगळाच दिसतो. त्याला आळस म्हणणं अन्यायाचं आहे.

तयारी डोपामिनची, पण तुलना कोण करतं? ऑक्सफर्डमध्ये मार्क वॉल्टन, डेव्हिड बॅनरमन आणि मॅथ्यू रशवर्थ यांनी २००२ साली छापलेल्या प्रयोगात अशाच भिंतीची बोळ वापरली, पण इजा केली मेंदूच्या पुढच्या मधल्या भागाला, जिथे अँटिरिअर सिंग्युलेट कॉर्टेक्स येतं. हे उंदीरही भिंत टाळून सोप्या वाटेने जाऊ लागले. मग दोन्ही वाटांवर सारख्याच भिंती उभारल्या. लगेच ते पुन्हा जास्त गोळ्यांच्या बाजूला जाऊ लागले. कुठे किती आहे ते त्यांना नीट आठवत होतं, चढताही येत होतं. कष्ट दोन्हीकडे सारखे झाले की निवड बिनचूक. कष्ट एकीकडे जास्त आणि मिळकतही तिकडेच जास्त असली की घोळ. जास्तीच्या गोळ्या जास्तीच्या चढाईला पुरून उरतात का, हे ताडण्याचं काम या भागाशिवाय होत नाही, असा याचा अर्थ लावला जातो.

चार वर्षांनी त्याच गटाने आणखी एक फरक दाखवला. चढाईऐवजी वाट बघायला लावली, म्हणजे जास्त गोळ्या हव्या असतील तर काही सेकंद थांबायचं, तर अँटिरिअर सिंग्युलेटला इजा झालेले उंदीर व्यवस्थित थांबले. थांबायला कंटाळले ते दुसऱ्या भागाला, ऑर्बिटोफ्रंटल कॉर्टेक्सला, इजा झालेले. श्रमाचा खर्च आणि थांबण्याचा खर्च मेंदू वेगवेगळ्या खात्यांवर लिहितो. हतनूर धरणाच्या उथळ पाण्यात तासभर निश्चल उभा राहणारा बगळा दुसऱ्या प्रकारची किंमत मोजत असतो.

खर्चाचा अंदाज तरी प्राण्याकडे येतो कुठून? अनुभवातून. वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांच्या डोपामिन पेशींचे संदेश टिपले तेव्हा दिसलं की फळांच्या रसाचा थेंब अनपेक्षित मिळाला की पेशी जोरात बोलतात. थेंबाआधी दिवा लागतो हे माकड शिकलं की पेशी दिव्याला बोलतात, थेंबाला नाही. दिवा लागूनही थेंब आला नाही तर नेहमीपेक्षाही गप्प होतात. अपेक्षा आणि प्रत्यक्ष यांच्यातला फरक कळवणं हे त्यांचं काम. १९९७ साली पीटर डायन आणि रीड मॉन्टेग्यू यांच्यासोबत शुल्ट्झ यांनी ही मांडणी छापली आणि या शास्त्राची दिशा बदलली.

बुजगावणं का फसतं तेही यात आलं. पहिल्या दिवशी सदरा घातलेला काठीचा माणूस म्हणजे मोठा धोका, म्हणजे मोठा खर्च. चार दिवस तो हलला नाही, कोणाला मारलं नाही. प्रत्येक दिवशी अपेक्षेपेक्षा कमी धोका निघतो आणि अंदाज तेवढा खाली येतो. आठवड्याभरात त्याच्या डोक्यावर चिमण्या बसतात. चकाकत्या फितीचं, ठरावीक वेळाने वाजणाऱ्या आवाजाच्या यंत्राचंही तेच. जागा आणि वेळ बदलत राहिली तर शिकणं लांबतं, थांबत नाही. गोफण टिकून आहे कारण तिचा दगड मधूनमधून खरंच लागतो.

हे अंदाज दगडावरची रेघ नसतात. पोटाच्या अवस्थेप्रमाणे ते हलतात. थॉमस काराको यांच्या गटाने १९८० साली अमेरिकेतल्या छोट्या जंको पक्ष्यांना दोन पर्याय दिले: एकीकडे ठरलेले तेवढेच दाणे, दुसरीकडे कधी खूप, कधी काहीच नाही. पोट भरण्याची खात्री असलेले पक्षी ठरलेल्याकडे वळले. रात्र निघेल इतकं मिळण्याची आशा नसलेले जुगाराकडे वळले. सातपुड्याच्या पायथ्याला पाणवठे आटले की रानडुक्कर रावेर-यावलच्या केळीच्या बागांत घुसतात आणि माणसाच्या आवाजाला आधीइतके दचकत नाहीत. ते निर्ढावले असं आपण म्हणतो. त्यांच्या बाजूने बघितलं तर रानातली मिळकत शून्याकडे गेल्यावर बागेतल्या धोक्याची किंमत आपोआप परवडू लागते.

खानदेशात आणखी एक खर्च वरचढ आहे, तो म्हणजे ऊन. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा पंचेचाळिसाच्या पुढे जातो तेव्हा दुपारी हालचाल करणंच महाग होतं. आपल्याकडच्या सातभाईंचे नातलग असलेले काळेपांढरे बॅबलर आफ्रिकेच्या कालाहारीत राहतात. तिथे केलेल्या अभ्यासात तापमान साडेपस्तीस अंशांच्या वर गेलं की धापा टाकण्यात त्यांचा इतका वेळ जातो की दिवसभर खाऊनही रात्रीत घटणारं वजन भरून निघत नाही. साडेपस्तीस म्हणजे आपल्याकडची फेब्रुवारी-मार्चची दुपार. साक्रीच्या ठेलारी मेंढपाळांना हे शास्त्र कोणी शिकवलेलं नाही. तरी उन्हाळ्यात त्यांच्या मेंढ्या पहाटे आणि सांजेला चरतात आणि दुपारी एकमेकींच्या सावलीत माना घालून उभ्या राहतात.

मिळकत मोठी पण किंमतही मोठी, आणि मिळकत बेताची पण किंमत जवळजवळ नाही, यांतून प्राणी काय निवडतो याचं महाराष्ट्रातलं सगळ्यात बोलकं उदाहरण बिबट्याचं आहे. अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले भागात विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी बिबट्याच्या विष्ठेतून त्याचा आहार तपासला आणि तो अभ्यास २०१६च्या सुमारास प्रसिद्ध झाला. खाण्यातला ८७ टक्के वाटा पाळीव आणि गावातल्या जनावरांचा निघाला. त्यात कुत्रे ३९ टक्के, शेळ्या फक्त ११ टक्के. त्या भागात शेळ्या कुत्र्यांच्या सातपट होत्या, तरीही. शेळी रात्री गोठ्यात बंद असते, दार मोडावं लागतं, माणूस जवळ निजलेला असतो. कुत्रा उकिरड्यावर मोकळा. ऊसाचा किंवा केळीचा आडोसा आणि गावालगतचा कचरा एकत्र आला की बिबट्याचा भाव ठरला. यावलच्या अभयारण्याकडेच्या गावांनाही हाच धडा लागू आहे: बिबट्याला हुसकावण्यापेक्षा उकिरडा हलवणं आणि गोठ्याला मजबूत दार बसवणं जास्त चालतं.

आता या सुबक चित्राला दोन चिरा. ग्लेन जेन्सन यांनी १९६३ साली दाखवलं की वाडग्यात फुकट खाणं असतानाही उंदीर कळ दाबून मिळणारं खाणं बऱ्याच प्रमाणात पसंत करतात. कबुतरांतही असंच आढळलं. कदाचित कष्ट करताना जागेची माहिती मिळत राहते आणि ती उद्या उपयोगी पडते. पाळीव मांजरांवर हाच प्रयोग अलीकडे केला गेला, तेव्हा बहुतेक मांजरांनी फुकटचं खाल्लं. ज्यांच्या घरी मांजर आहे त्यांना याचं नवल वाटू नये.

दुसरी चीर कासेल्निक यांच्याच स्टार्लिंगनी पाडली. २००२च्या प्रयोगात पक्ष्यांना एका रंगाचा दिवा थोड्या उड्डाणांनंतर दिसायचा, दुसऱ्या रंगाचा पुष्कळ उड्डाणांनंतर. दोन्हींनंतर खाणं सारखंच. पुढे दोन रंग शेजारी ठेवून निवड दिली तर पक्षी कष्टाच्या रंगाकडे गेले. दमलेल्या, भुकेलेल्या अवस्थेत मिळालेलं तेच खाणं जास्त मोलाचं नोंदलं गेलं होतं. झालेला खर्च विसरून पुढचं बघावं, हे अर्थशास्त्राचं शहाणपण पक्ष्यांनाही जमत नाही.

हा भाव प्रत्यक्ष मोजायची एक पद्धत घरच्या अंगणात जमण्यासारखी आहे. जोएल ब्राउन यांनी १९८८ साली ती मांडली. दोन सारखी ताटं घ्यावी, प्रत्येकात सारखी वाळू आणि मोजून घेतलेले सारखेच ज्वारीचे दाणे मिसळावेत. एक ताट कुंपणाच्या झुडपाशी ठेवावं, दुसरं उघड्या अंगणात. पहिला दाणा सापडायला सोपा, पण दाणे कमी होत गेले की वाळू जास्त उकरावी लागते. म्हणून खार असो वा चिमणी, एका टप्प्याला ती ताट सोडते. संध्याकाळी वाळू चाळून उरलेले दाणे मोजावेत. ज्या ताटात जास्त उरले, तिथे बसणं त्या जिवाला जास्त महाग पडत होतं. खारीला झुडपाची आड सुरक्षित वाटण्याचा संभव आहे. झुडपात मांजर दडत असेल तर आकडे उलटेही येतील. दुसऱ्या दिवशी ताटांच्या जागा बदलाव्यात, म्हणजे ताटाचा दोष आणि जागेचा भाव वेगळे करता येतात. त्याच ताटांवर मेमधली सकाळ आणि दुपार वेगवेगळी मोजली तर उन्हाचा भावही दाण्यांत निघतो.